वाचकांचे प्रश्न: चाक, दोरा आणि बेअरिंगमधलं घर्षण

फ्लायव्हीलच्या (आसावर फिरणाऱ्या जड चाकाच्या) प्रयोगावर आलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी एकत्र देत आहोत. पुस्तकात ज्याला ‘जडत्व आघूर्ण’ (चाकाचा फिरण्याचा वेग बदलणं किती अवघड आहे याचं माप) म्हणतात त्याला प्रयोगशाळेत सगळे मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात, त्यामुळे इथेही तोच शब्द ठेवला आहे, आणि घाईत नुसता ‘इनर्शिया’. आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून सगळी उदाहरणं एकाच चाकाची घेतली आहेत: दीड किलोची, १२ सेंटीमीटर त्रिज्येची भरीव तबकडी, तिच्यातून जाणारा ८०० ग्रॅमचा आस, आसाची त्रिज्या १.२५ सेंटीमीटर, दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग. आसावर दोरा गुंडाळायचा, दोऱ्याच्या टोकाला वजन लावायचं आणि सोडून द्यायचं. गुरुत्वत्वरण ९.८ धरलं आहे.

प्रश्न: पाच वेगवेगळी वजनं लावून प्रत्येक वेळी १ मीटर खाली यायला किती वेळ लागतो ते मोजलं. दोऱ्यातला ताण गुणिले आसाची त्रिज्या, भागिले कोनीय त्वरण, असं करून इनर्शिया काढला. चाक तेच असताना पाच उत्तरं पाच प्रकारची आली. वेळ मोजण्यात चूक होते आहे का? (आकडे सोबत देत आहे.)

५० ग्रॅम: २१.८० सेकंद, इनर्शिया ०.०१८२
१०० ग्रॅम: १३.३० सेकंद, ०.०१३५
१५० ग्रॅम: १०.४५ सेकंद, ०.०१२५
२०० ग्रॅम: ८.८५ सेकंद, ०.०१२०
२५० ग्रॅम: ७.८५ सेकंद, ०.०११८ (सगळे किलोग्रॅम-वर्गमीटरमध्ये)

उत्तर: तुमची उत्तरं नुसती वेगवेगळी नाहीत, ती वजन वाढेल तशी ओळीने उतरत गेली आहेत. स्टॉपवॉच दाबण्यातल्या चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. त्यांनी एक आकडा वर नेला असता, पुढचा खाली. तुमची मोजणी चांगली आहे. सूत्रातून एक पद गळलं आहे, ते म्हणजे बेअरिंगमधल्या घर्षणाचा टॉर्क (फिरवणारा किंवा फिरणं अडवणारा जोर, म्हणजे बल गुणिले त्रिज्या).

दोरा आसाला जो टॉर्क देतो त्यातला काही भाग घर्षण खाऊन टाकतं आणि उरलेल्यावर चाकाचा वेग वाढतो. तुम्ही सगळाच टॉर्क चाकाच्या नावावर लिहिला. घर्षणाचा वाटा जवळजवळ ठरलेला असतो, तो वजनाबरोबर फारसा वाढत नाही. म्हणून हलक्या वजनाच्या वेळी तो फार बोचतो आणि जड वजनाच्या वेळी कमी. तुमच्या चाकात ५० ग्रॅमच्या वेळी टॉर्कचा सुमारे ४१ टक्के भाग घर्षणात गेला आहे, २५० ग्रॅमच्या वेळी ८ टक्के.

आता हेच आकडे आलेखावर मांडा. वेळेवरून रेषीय त्वरण (अंतराची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग), त्याला आसाच्या त्रिज्येने भागून कोनीय त्वरण. दोऱ्यातला ताण म्हणजे वस्तुमान गुणिले (९.८ वजा रेषीय त्वरण). ताण गुणिले त्रिज्या हा टॉर्क. पाच बिंदू असे येतात:

कोनीय त्वरण ०.३३७, टॉर्क ०.००६१२
०.९०५, ०.०१२२४
१.४६५, ०.०१८३४
२.०४३, ०.०२४४४
२.५९७, ०.०३०५२

आडव्या अक्षावर कोनीय त्वरण, उभ्या अक्षावर टॉर्क घ्या. बिंदू एका सरळ रेषेत पडतात, पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. तिचा चढ ०.०१०८ येतो, तो चाकाचा मोमेंट ऑफ इनर्शिया. उभ्या अक्षाला ती ०.००२५ न्यूटन-मीटरवर छेदते, तो घर्षणाचा टॉर्क. भरीव तबकडीचं सूत्र वापरून पडताळा: अर्धा गुणिले १.५ गुणिले ०.१२ चा वर्ग, म्हणजे ०.०१०८. आस ८०० ग्रॅमचा असला तरी त्याची त्रिज्या इतकी लहान की त्याचा वाटा ०.००००६, जेमतेम अर्धा-पाऊण टक्का.

एकाच वजनाच्या एका मोजणीत अज्ञात दोन आणि समीकरण एक असतं. ती कितीही काळजीपूर्वक केली तरी इनर्शिया आणि घर्षण वेगळे होणार नाहीत. वजन बदलत नेलं की ते आपोआप वेगळे होतात.

यात एक हमखास होणारी चूक आहे. संगणकावर रेषा बसवताना ‘शून्यातून जाणारी’ हा पर्याय निवडला जातो, किंवा कागदावर पट्टी सवयीने आरंभबिंदूवर टेकवली जाते. तुमच्याच आकड्यांवर तशी रेषा बसवली तर चढ ०.०१२१ येतो, म्हणजे १२ टक्के जास्त, आणि घर्षण गायब. बिंदू जिकडे नेतील तिकडे रेषा जाऊ द्या.

प्रश्न: दोरा आसाऐवजी चाकाच्या कडेवर गुंडाळला तर? टॉर्क कितीतरी जास्त मिळेल आणि घर्षण नगण्य होईल.

उत्तर: घर्षणाचं प्रमाण घटेल हे खरं, पण वेळ मोजता येणार नाही. ५० ग्रॅम कडेवरून सोडलं तर १ मीटरला १.८५ सेकंद लागतात. बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर वेळेत ११ टक्के, आणि त्वरणात वेळेचा वर्ग येत असल्यामुळे तिथे २२ टक्के. शिवाय वजन इतक्या जोरात खाली येतं की दोऱ्यातला ताण वजनापेक्षा ६ टक्के कमी भरतो; ही दुरुस्ती विसरलात तर आणखी एक चूक. आसावर गुंडाळलेल्या दोऱ्यात ताण आणि वजन यांतला फरक पाव-अर्धा टक्कासुद्धा नसतो. प्रकाशद्वाराचं (प्रकाशाचा झोत अडला की आपोआप वेळ नोंदणारं) टायमर असेल तर मात्र कडेवरून जरूर करून पाहा.

प्रश्न: नुसतं घर्षण मोजायचं असेल तर चाक हलायला लागेपर्यंत थोडं थोडं वजन वाढवत जायचं, ही रीत बरोबर आहे का?

उत्तर: तिने मिळतं ते स्थिर घर्षण, आणि ते चालत्या घर्षणापेक्षा जास्त असतं. समजा २६ ग्रॅमला चाक आपोआप सुटलं. त्यावरून टॉर्क काढला तर ०.००३२ येईल, आणि आलेखातल्या ०.००२५ शी तो जुळत नाही म्हणून आलेखच चुकला असं वाटेल.

चालतं घर्षण हवं असेल तर चाकाला हलकासा धक्का देऊन वजन सोडा आणि ते एकसारख्या वेगाने उतरतं का ते पाहा. १ मीटरच्या मधोमध खूण करून दोन्ही अर्ध्या अंतरांचे वेळ मोजा. वेग वाढत असेल तर वजन काढा, मंदावत असेल तर घाला. या चाकाला सुमारे २० ग्रॅमवर दोन्ही वेळ सारखे येतील. सेकंदाला २ सेंटीमीटर अशा संथ सुरुवातीने उतरताना फक्त १ ग्रॅम जादा असेल तर खालचं अर्धं अंतर सुमारे ३ सेकंद लवकर संपतं, इतकी ही कसोटी बारीक आहे. सुटी वजनं १ ग्रॅमपर्यंत नसतील तर कागदाच्या टाचण्या तोलून वापरा. हँगरचं (वजनं अडकवायच्या हुकाचं) स्वतःचं वजन धरायला विसरू नका; घर्षण काढताना हीच विसर सगळ्यांत महाग पडते.

प्रश्न: आमच्या प्रयोगात दोऱ्याचा फास आसावरच्या खुंटीत अडकवलेला असतो. वजन खाली पोचलं की फास निसटतो, मग चाक थांबेपर्यंतचे फेरे आणि वेळ मोजतो. सूत्रात ‘४ पाय (π) गुणिले फेरे भागिले वेळ’ हा कोनीय वेग येतो. ४ पाय का, २ पाय का नाही? आणि प्रत्येक वेळी उत्तर बदलतं, ते का?

उत्तर: फेरे गुणिले २ पाय भागिले वेळ हा सरासरी वेग झाला. आपल्याला हवा आहे फास निसटला त्या क्षणाचा, म्हणजे सुरुवातीचा. चाक एकसारखं मंदावत शून्यावर येत असेल तर सुरुवातीचा वेग सरासरीच्या दुप्पट, म्हणून ४ पाय. सगळी गोम त्या ‘एकसारखं’मध्ये आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

आधी हिशेब. २०० ग्रॅम वजन, १२ वेढे. १२ वेढे म्हणजे ०.९४२ मीटर उतार. फास सुटल्यावर चाकाने ७५.५ सेकंदांत १०५ फेरे घेतले. कोनीय वेग १७.५ रेडियन प्रति सेकंद. वजनाने गमावलेली स्थितिज ऊर्जा तीन ठिकाणी जाते: वजनाच्या स्वतःच्या गतीत, चाकाच्या फिरण्यात आणि १२ फेऱ्यांच्या घर्षणात. पुढे १०५ फेऱ्यांत घर्षणाने चाकाची सगळी गतिज ऊर्जा संपवली, त्यावरून एका फेऱ्याला किती ऊर्जा जाते ते कळतं. म्हणून सूत्रात १०५ भागिले ११७ हा गुणक येतो. उत्तर ०.०१०८, आलेखाशी जुळणारं. हा गुणक वगळला तर उत्तर ११ टक्क्यांनी फुगतं.

आता बदलणारी उत्तरं. पहिला संशय शेवटच्या फेऱ्यावर घ्या. चाक इतकं हळू थांबतं की या उदाहरणात एकट्या शेवटच्या फेऱ्याला ७ सेकंदांहून जास्त लागतात, एकूण वेळेच्या जवळजवळ दहावा भाग. ‘थांबलं’ हे नेमकं कधी म्हणायचं याबद्दल दोन माणसांचं एकमत होत नाही. त्यातून चाक एका बाजूला किंचित जड असेल तर ते शेवटी थांबतच नाही, झोपाळ्यासारखं मागेपुढे हलत राहतं. जड बाजू शोधायला चाक पाच-सहा वेळा हलकेच फिरवून सोडा आणि थांबल्यावर तळाशी येणाऱ्या जागी खडूची खूण करा. खुणा एकाच भागात जमल्या तर तोल गेला आहे. कडेजवळ, केंद्रापासून १० सेंटीमीटरवर, २ ग्रॅमचा चुंबक चिकटवला तर त्याचा टॉर्क ०.००२ न्यूटन-मीटरपर्यंत जातो, म्हणजे घर्षणाच्या बरोबरीला येतो. फेरे मोजणाऱ्या सेन्सरसाठी असा चुंबक लावला असेल तर समोरासमोर तेवढंच वजन लावा. पूर्ण फेऱ्यात एका बाजूच्या जडपणाचा परिणाम फिटतो, अपुऱ्या फेऱ्यात नाही.

दुसरा संशय फासावर. गाठ घट्ट असली तर फास निसटत नाही, दोरा उलटा गुंडाळला जाऊन वजन पुन्हा वर चढतं. दोरा लांब असला तर वजन जमिनीला टेकल्यावरही फास काही वेळ खुंटीवरच राहतो. वजन टेकलं की त्याचं काम संपलं, म्हणून आधीचे वेढे आणि नंतरचे फेरे यांची सीमा तिथेच धरा. दोऱ्याची लांबी अशी ठेवा की वजन जमिनीला लागता लागता फास सुटेल. जमिनीवर जाड कापड ठेवलेलं बरं, फरशीही वाचते आणि वजनंही.

आता ती गोम. घर्षण वेगाप्रमाणे बदलत नसेल तरच चाक एकसारखं मंदावतं. बेअरिंगमध्ये दाट ग्रीस असेल तर वेग जास्त असताना घर्षणही जास्त असतं. तपासायला एकच जादा नोंद पुरते: एकूण वेळेच्या निम्म्या वेळी किती फेरे झाले होते? एकसारखं मंदावणारं चाक निम्म्या वेळात पाऊण फेरे उरकतं. आपल्या उदाहरणात ३८ व्या सेकंदाला ७९ फेरे झालेले हवेत. ८५ किंवा त्याहून जास्त भरले तर ४ पायचं सूत्र लागू नाही. खरा सुरुवातीचा वेग त्याने काढलेल्या वेगापेक्षा जास्त आहे. वेग ५ टक्के कमी धरला गेला तर इनर्शिया सुमारे १० टक्के जास्त येतो, कारण वेगाचा वर्ग खाली असतो.

अशा वेळी सुरुवातीचा वेग सरळ मोजा. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चौकटी मिळतात. १७.५ रेडियन प्रति सेकंदाला एक फेरा ०.३६ सेकंदांत होतो, म्हणजे सुमारे ८६ चौकटी. एका चौकटीची चूक झाली तरी १ टक्क्याच्या आसपास. फास सुटल्यानंतरचा पहिला पूर्ण फेरा मोजा आणि थांबण्याची वाट पाहण्याचा प्रश्नच मिटवा. फेऱ्याची सुरुवात ओळखायला चाकावर खडूची एक बारीक रेघ आणि स्टँडवर एक स्थिर खूण हवी. जाड पट्ट्याने चौकट ठरवता येत नाही.

प्रश्न: आलेख सरळ येतो, पण इनर्शिया सूत्रापेक्षा ७-८ टक्के कमी. सगळ्या मोजण्या तीनदा तपासल्या.

उत्तर: दोऱ्याची जाडी धरलीत का? ताण दोऱ्याच्या मधल्या रेषेत असतो, म्हणून त्रिज्या आसाची अधिक दोऱ्याची निम्मी जाडी. १ मिलिमीटर जाड दोरा असेल तर १२.५ ऐवजी १३.० मिलिमीटर, म्हणजे ४ टक्के फरक. इनर्शियामध्ये त्रिज्येचा वर्ग येतो (एकदा टॉर्कमध्ये, एकदा कोनीय त्वरणात), म्हणून ८ टक्के. तुमचा तोटा नेमका तेवढाच आहे. घर्षणाच्या टॉर्कमध्ये त्रिज्या एकदाच येते, तिथे ४ टक्के.

व्हर्नियरवर विसंबू नका. आस दोन-तीन जागी मोजा, शून्य त्रुटी वजा करा, आणि मग प्रत्यक्ष त्रिज्या अशी काढा: वजन लटकलेलं असताना चाक हाताने बरोबर १० फेरे फिरवा आणि वजन किती सरकलं ते मोजपट्टीवर पाहा. नुसत्या आसाला ७८.५ सेंटीमीटर हवेत, १ मिलिमीटर दोऱ्यासह ८१.७. त्याला २० पायने भागा. वेढे शेजारी शेजारी बसवा. एकावर एक चढले तर त्रिज्या अधेमधे एक पूर्ण दोरा-जाडीने वाढते आणि उतरताना वजन मध्येच हिसका घेतं. बारीक, न ताणणारा दोरा घेतलात तर यातलं बरंचसं टळतं.

प्रश्न: प्रयोगाआधी बेअरिंगला तेल घालावं का?

उत्तर: घाला, पण पातळ, आणि सगळ्या मोजण्यांच्या आधी. मग चाक दोन-तीन मिनिटं फिरवून घ्या. मध्येच तेल घातलं तर अर्धे बिंदू एका रेषेवर आणि अर्धे दुसऱ्या रेषेवर जातात. आसाची पातळी स्पिरिट लेव्हलने पाहा. आस कलला की तबकडी एका बेअरिंगला घासते आणि घर्षण फेऱ्याफेऱ्याला बदलतं.

उलट, घर्षण मुद्दाम वाढवून पाहण्यात मजा आहे. आसाला नमद्याचा तुकडा हलका टेकवून पाचही वजनं पुन्हा सोडा. रेषा वर सरकेल, पण पहिल्या रेषेला समांतर राहील. चढ बदलला तर समजा की नमद्याचा दाब प्रयोगभर सारखा राहिला नाही.

प्रश्न: लटकवलेल्या वजनाचा भारही बेअरिंगवरच येतो. मग घर्षण सगळ्या वजनांना सारखं कसं?

उत्तर: नसतंच. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं हे फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोन्तों यांनी १६९९ मध्ये मांडलं होतं, आणि बेअरिंगही त्याला बऱ्याच अंशी धरून वागतं. आपल्या चाकाचा भार आसासकट २.३ किलो. २५० ग्रॅम लटकवले की भार ११ टक्के वाढतो आणि घर्षणही साधारण तेवढंच. ही वाढ वजनाच्या प्रमाणात असल्यामुळे रेषा वाकत नाही, सरळच राहते. फक्त चढ सुमारे १ टक्क्याने जास्त येतो. स्टॉपवॉचच्या प्रयोगात एवढं चालून जातं.

प्रश्न: आमचं चाक आऱ्यांचं, ओबडधोबड ओतीव आहे. सूत्राने इनर्शिया काढता येत नाही. उत्तर बरोबर आलं हे कशाशी ताडायचं?

उत्तर: माहीत असलेला इनर्शिया त्याच्यावर चढवा आणि वाढ बरोबर मोजली जाते का ते पाहा. २०० ग्रॅमचे, दीड सेंटीमीटर त्रिज्येचे दोन दंडगोल केंद्रापासून ९ सेंटीमीटरवर समोरासमोर, त्यांचे अक्ष चाकाच्या अक्षाला समांतर ठेवून, स्क्रूने घट्ट बसवा. वाढ: ०.४ गुणिले ०.०९ चा वर्ग, म्हणजे ०.००३२४, अधिक दंडगोलांचा स्वतःचा ०.००००४५. मिळून ०.००३३. दोन्ही वेळच्या चढांतला फरक एवढा भरला पाहिजे. चाकाचा मूळ इनर्शिया कितीही असो. दंडगोल आत सरकवून ४.५ सेंटीमीटरवर आणले तर वाढ जवळजवळ चौथाई होईल.

दंडगोल चढवल्यावर रेषा उभ्या अक्षाला थोडी वर छेदेल, कारण बेअरिंगवर ४०० ग्रॅम भार वाढला आहे. आपल्या चाकावर हेच केलं तर घर्षण ०.००२५ वरून ०.००२९ च्या आसपास जायला हवं. दंडगोल ९ वरून ४.५ सेंटीमीटरवर आणताना मात्र घर्षण बदलता कामा नये. बदललं, तर आधी स्क्रू कुठे स्टँडला घासतो आहे का ते पाहा.